सातवा नियम

“सातवा नियम पुन्हा वाचा,” मी म्हणाले.

निरीक्षक श्री. दिवाण यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तो कागद तिसऱ्यांदा उचलला. ते जलतरण मंडळाकडून आले होते, सभ्य होते आणि सकाळच्या बसप्रवासाने थकलेले होते.

“जलतरणपटूने पाण्यात प्रवेश केल्यापासून किनाऱ्यावरील रेघ स्वतःच्या पायांनी ओलांडेपर्यंत,” ते वाचू लागले, “त्यास कोणत्याही व्यक्तीचा, होडीचा अथवा तरंगत्या वस्तूचा स्पर्श झाल्यास प्रयत्न रद्द समजण्यात येईल.”

“आईने धरलं तर?”

“आई ही व्यक्तीच आहे, माईसाहेब.”

“ठीक. जयवंत, ऐकलंस?”

माझा मुलगा जयवंत दिवाणखान्याच्या दारात उभा राहून कुणाला तरी मांडवाच्या खुर्च्यांबद्दल सांगत होता. “ऐकलं माई, ऐकलं,” तो पाठमोराच म्हणाला. तो घाईत असला की अर्धेच ऐकतो. माझी सून वैदेही सगळे ऐकते, पण बोलत नाही. तेव्हा नियम नीट ऐकून ठेवण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडेच येई.

या गोष्टीला तेवीस वर्षे झाली. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते आणि निवेबंदरात माझ्या शब्दाला किंमत होती. महिला मंडळाची मी अध्यक्ष होते, वाचनालयाची विश्वस्त होते आणि गणपतीच्या आरतीची वेळ गावात माझ्या घड्याळावर ठरत असे. आमचे यजमान तेव्हा होते. परंतु घरातल्या प्रत्येक समारंभाला वर्तमानपत्राच्या आडूनच हजेरी लावायची असे त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच ठरवून टाकले होते.

जलतरणपटू म्हणजे माझी नात कृत्तिका. तिला सातवे वर्ष लागायला नऊ दिवस... चुकले, सात पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते. कासवखडकावरच्या दीपगृहापासून निवेबंदरच्या धक्क्याशेजारच्या वाळूपर्यंतचे अंतर पाच किलोमीटर. सात वर्षांच्या आतल्या कोणत्याही मुलीने ते समुद्रातून पोहून पार केले नव्हते. सात पूर्ण झालेल्या मुलींचा विक्रम मात्र दुसऱ्या एका गावच्या मुलीच्या नावावर आधीच होता, आणि दुसरे येणे आमच्या घराण्यात कुणी शिकवलेले नव्हते.

याची सुरुवात माझीच, हे मी कधी नाकारलेले नाही. कृत्तिका चार वर्षांची असताना आमच्या काजूच्या बागेतल्या विहिरीत तिच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून मीच तिला सोडली. मी काठावर खुर्ची टाकून बसले होते. महिन्याभरात तिने स्वतःच दोरी सोडली आणि डबा माझ्याकडे भिरकावला. तो माझ्या गुडघ्याला लागला. गुडघा सुजला, आणि सूज दाखवत मी गावभर सांगत फिरले की तेंडोलकरांची मुलगी डब्यावाचून पोहते. जयवंतने ते ऐकले, आणि तेवढे मात्र त्याने पूर्ण ऐकले.

दिवाण विश्रामगृहाकडे गेल्यावर मी कृत्तिकेला माजघरात बसवून खोबरेल तेल लावायला घेतले. तिचे दंड दोरीसारखे पिळलेले झाले होते. सहा वर्षांच्या मुलीचे दंड तसे असू नयेत, असे तेव्हा माझ्या मनात आले नाही. मला त्यांचे कौतुकच वाटले.

“माई, उद्या पोहले की झालं ना?” ती म्हणाली.

“काय झालं?”

“म्हणजे संपलं ना?”

“आधी उद्याचं कर. मान वर.”

तिने मान वर केली. “खारं पाणी नाकात गेलं की डोक्यात ठिणगी उडते. तुला माहीत आहे?”

“मी समुद्रात उतरत नाही.”

“का?”

“मला बोलावणं आलेलं नाही.”

ती खुदकन हसली. मग तिने गंभीरपणे विचारले, “आणि कुणी नियम मोडला तर?”

“आपल्या घरात मोडत नाहीत.”

“चुकून?”

“चुकून मोडला तर घरी येऊन आधी मला सांगायचं. दुसरा हात दे.”

सकाळी साडेसहाला दोन होड्या तिला घेऊन दीपगृहाकडे गेल्या. एकीत जयवंत, गळ्यात स्टॉपवॉच आणि हातात कर्णा घेऊन. तो पुढे राहून वाट दाखवणार होता. दुसरीत निरीक्षक दिवाण आणि होडीवाला दाजी केळुसकर. ही होडी मुलीच्या शेजारून येणार होती. दाजीने निघताना दिवाणांकडे एकदा नीट पाहिले आणि मला म्हणाला, “माई, सायबाक दर्यो लागतलो.”

“साहेबांना नियम ठाऊक आहेत,” मी म्हणाले.

“दर्याक खंय ठावक आसत?” असे म्हणून त्याने वल्हे पाण्यात घातले.

किनाऱ्यावर मांडव होता. मांडवावर पंधरा फुटी कापडी फलक होता. त्यावर कृत्तिकेचा चेहरा, त्याखाली ‘निवेबंदरची जलकन्या’ ही अक्षरे आणि त्याखाली आमच्या घरातल्या नऊ जणांची नावे, त्यांत माझे पहिले. फक्कीची पांढरी रेघ वाळूवर भरतीच्या खुणेच्या वर आखलेली होती. मी हिरवी इरकली नऊवारी नेसले होते आणि चष्मा घरी खणात ठेवून आले होते. छायाचित्रे निघणार होती. चष्म्यासकट माझे एकही छायाचित्र त्या गावात नाही, आजही नाही.

त्यामुळे समुद्राच्या जागी मला एक चकचकीत पत्रा दिसत होता आणि त्यापलीकडे काही नाही. वैदेही माझ्या शेजारी औक्षणाचे तबक घेऊन उभी होती.

“कुठवर आली?” मी विचारले.

“अर्ध्यावर असेल.”

“हात नीट पडताहेत?”

“पडत असतील.”

थोडा वेळ गेला. मांडवात नगराध्यक्षांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि घसा साफ केला. बंधुभगिनींनो, आजचा दिवस वगैरे झाल्यावर ते म्हणाले, “आणि मला सांगायला अभिमान वाटतो की आजचं यश म्हणजे फक्त पहिली पायरी आहे. जयवंतरावांनी आम्हाला शब्द दिला आहे, की पुढच्या मे महिन्यात हीच आपली जलकन्या पंचवीस किलोमीटर पोहून जाणार. तशी पत्रंही गेलेली आहेत.”

टाळ्या पडल्या. लोकांनी माझ्याकडे वळून पाहिले, तेव्हा मीही मान हलवली. मला हे ठाऊक नव्हते.

“तुला ठाऊक होतं?” मी वैदेहीला हळूच विचारले.

“पत्रांचं? मीच पाकिटं चिकटवली.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय.” तिने तबकातले निरांजन वाऱ्याच्या आड धरले. नंतर, समुद्रावरची नजर न काढता, ती म्हणाली, “माई, ती झोपेत पोहते.”

“म्हणजे?”

“हात मारते. डावा, उजवा, डावा. तोंड एका बाजूला वळवून श्वास घेते. महिना झाला. परवा श्वास धरला तो सोडेचना. मी हलवून उठवलं. तर म्हणते, ‘आई, किनारा आला का?’”

“जयवंतला सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाले, चांगलं आहे, झोपेतसुद्धा सराव होतोय.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

वैदेहीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, “तुम्हाला काय सांगायचं? डबा तर तुमच्याच हातानं बांधला होता.”

तिच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. नऊ वर्षांतले ते तिचे पहिले उलट वाक्य.

“आली,” ती म्हणाली. “माई, आली.”

मांडवातले सगळे वाळूवर धावले. होड्या धक्क्याला लागल्या. दिवाण हिरवट चेहऱ्याने उतरले, दोन वेळा गुडघ्यात वाकले आणि शिट्टी तोंडात धरून कसेबसे रेघेपाशी येऊन उभे राहिले. जयवंत पाण्याच्या कडेने धावत ओरडत होता, “कुणी हात लावू नका. मागे व्हा. कुणी हात लावू नका.” त्याचा आवाज चिरकत होता. एवढ्या आनंदात मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिले नव्हते.

मग माझ्याही डोळ्यांना दिसेल इतकी ती जवळ आली. गुडघाभर पाण्यात ती उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. अंगावर तेल आणि मीठ, ओठ जांभळे. रेघ तिच्यापासून फार तर वीस पावलांवर होती. ती रेघेकडे पाहत नव्हती, बापाकडेही पाहत नव्हती. ती माणसांच्या त्या भिंतीत मला शोधत होती, आणि मी सापडल्यावर तिथेच थांबली.

“चल बेटा, चल, चल,” जयवंत ओरडत होता.

मी वैदेहीच्या हातातले तबक घेतले आणि चालू लागले. लोक बाजूला झाले. त्या गावात मी चालू लागले की लोक बाजूला होत. मी पाण्यात उतरते आहे हे लक्षात यायला त्यांना वेळ लागला, कारण ते त्यांनी कधी पाहिले नव्हते. पाणी थंड होते. इरकली गुडघ्यांना चिकटली. पायाखालची वाळू दर लाटेबरोबर थोडी निघून जात होती, आणि एकसष्ट वर्षे मी जिथे उभी राहिले तिथून काही निघून जाण्याची मला सवय नव्हती.

“माई,” मागून जयवंतचा आवाज आला, आता हळू. “माई, नको. माई, रेघ—”

कृत्तिका मान वर करून माझ्याकडे पाहत होती. “माई,” ती कुजबुजली, “मला तुला एक सांगायचंय.”

“नंतर,” मी म्हणाले, आणि बोट कुंकवात बुडवून तिच्या कपाळावर टेकवले.

शिट्टी वाजली.

पुढचा अर्धा तास मी सविस्तर सांगणार नाही. दिवाण बिचारे हात जोडून म्हणाले, “माईसाहेब, ओवाळायला कुणाची हरकत नव्हती. पण स्पर्श—”

“कुंकू लांबून लावता येत नाही,” मी म्हणाले.

“रेघेच्या अलीकडे तरी थांबायचं होतं.”

“समुद्रातून आलेलं पोर ओवाळल्याशिवाय जमिनीवर घ्यायची आमच्यात पद्धत नाही.”

अशी कोणतीही पद्धत आमच्यात नाही. कुणातच नाही. समुद्रातून आमच्या घरी कधी कुणी आलेलेच नव्हते. परंतु मी बोलत होते, तेव्हा ती तिथल्या तिथे पद्धत झाली. गावातल्या दोन वृद्ध स्त्रियांनी मान डोलावली, आणि पुढे त्यांतल्या एकीने आपल्या घरीही पूर्वी तसेच करत असल्याचे सांगितले.

जयवंत वाळूवर बसला होता. स्टॉपवॉच गळ्यात चालूच होते. “माई,” तो म्हणाला, “तू तीनदा वाचून घेतलास नियम. तीनदा.”

“वय झालं,” मी म्हणाले.

ते दोन शब्द मी त्याआधी कधी उच्चारले नव्हते. लोकांनी ते ऐकले. ऐकावेत म्हणूनच जरा मोठ्याने उच्चारले होते. मांडवात कुणीतरी हसले, आणि मग हसू दाबण्याची गरज नाही हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आले.

कार्यक्रम मोडणे शक्य नव्हते, जेवण शिजलेले होते. सत्काराची शाल अखेरीस दिवाणांच्या खांद्यांवर गेली. त्यांनाच थंडी वाजत होती. फलक उतरवताना दाजी माझ्यापाशी आला.

“माई, तां कापड माका देशात काय? होडयेर घालूक बरां.”

मी दिले. पुढे तीन वर्षे फलकावरची कृत्तिका धक्क्यावर दाजीच्या होडीवर उताणी पडून हसत होती, आणि तिच्या हनुवटीखाली माझे नाव.

वर्तमानपत्रात बातमी आली: ‘आजीच्या कुंकवाने विक्रम पुसला’. आमच्या यजमानांनी ती वाचली आणि पान उलटले. नऊ दिवसांनी कृत्तिकेला सात पूर्ण झाली, पुन्हा प्रयत्न करण्याची सोय उरली नाही आणि पंचवीस किलोमीटरची पत्रे आपोआप निकामी झाली. ‘सर्वांत लहान विक्रमवीर’ या शब्दांवाचून त्यांत दुसरे काही नव्हतेच. जयवंत माझ्याशी चार महिने बोलला नाही. महिला मंडळाच्या पुढच्या निवडणुकीत मला सन्माननीय सल्लागार करण्यात आले. आणि निवेबंदरात एक नवी बोलण्याची तऱ्हा रूढ झाली. कुणाचे ठरलेले लग्न मोडले, कुणाची तयार भाजी ताटात वाढताना सांडली, की लोक म्हणत, “लागलं माईंचं कुंकू.” माझ्यासमोर म्हणत नसत. पण भिंती जुन्या काळच्या नव्हत्या, पातळ होत्या.

त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर वैदेहीने मला कोरडे लुगडे दिले आणि चहा आणला.

“माई,” ती कपबशी ठेवत म्हणाली, “सातवा नियम मला पाठ झालाय. तुम्ही वाचून घेत होता तेव्हा मी आत पोहे परतत होते.”

“बरं मग?”

“काही नाही. साखर बघा पुरेशी आहे का.”

मी जयवंतला सरळ ‘नाही’ का म्हणाले नाही, असे कुणी विचारील. गाव समजत होते की माझा शब्द तो मोडत नाही. गाव बरोबर समजत होते. मीही तो मोडला जाऊ नये याची काळजी घेत असे. तो जे करणारच असे, तेवढेच मी त्याला करायला सांगत असे. असा अधिकार वर्षानुवर्षे जपता येतो; फक्त तो एकदाही वापरून पाहायचा नसतो.

कृत्तिका पुढे पोहली, पण मजेने. शाळेच्या तलावात, उन्हाळ्यात विहिरीत. झोपेतले पोहणे त्या पावसाळ्यातच थांबले असे वैदेही म्हणाली. आता ती पुण्याला हाडांच्या दवाखान्यात लोकांचे सांधे हलते करते. गेल्या मे महिन्यात ती चार दिवसांसाठी आली. त्याच आठवड्यात दाजी केळुसकर वारला होता. ती त्याच्या घरी जाऊन आली आणि ओसरीवर माझ्या पायांशी बसली. वैदेही आत काजू सोलत होती. दार उघडे होते.

“माई, तुला एक विचारायचंय. रागावणार नाहीस ना?”

“ते विचारल्यावर कळेल.”

“त्या दिवशी तुला दिसलं होतं ना?”

“काय?”

“वल्हं.”

गप्प राहण्याचा माझा अनुभव मोठा आहे.

“मला अर्ध्यावर पेटके आले,” ती सांगू लागली. “बाबा पुढे होते. दिवाणकाका होडीच्या पलीकडच्या बाजूनं समुद्रात ओकत होते. दाजीकाकांनी वल्हं माझ्यासमोर आडवं धरलं. म्हणाले, ‘धर गो बाय, वायच दम खा.’ मी धरलं. पुढे मांडव दिसायला लागल्यावर आणखी एकदा धरलं. ते म्हणाले, ‘कोणाक सांगा नको.’ मी म्हटलं, माईला सांगणार. आपल्याकडे तसं ठरलंय.”

“हं.”

“राहिलेलं सगळं अंतर मी एवढंच घोकत होते. किनाऱ्यावर गेलं की माईला सांगायचं. आणि समोर बघते तर तू पाण्यात. तू, पाण्यात. मी म्हटलं, हिला दिसलं. आता ओरडणार. तू ओरडली नाहीस. कुंकू लावलंस, शिट्टी वाजली आणि सगळे तुलाच बोलायला लागले. माझं कुणी नावच घेतलं नाही.” तिने माझ्या पावलावर हात ठेवला. “माझी चोरी तू स्वतःवर घेतलीस. इतकी वर्षं गाव हसलं, तरी कधी कुणाला बोलली नाहीस. मला तेवढ्या वयातही कळलं होतं गं. फक्त विचारायचा धीर होत नव्हता. दाजीकाका होते तोवर त्यांचंही नाव आलं असतं.”

ओसरीवरून धक्का दिसतो, म्हणजे चष्मा लावला की दिसतो. तेवीस वर्षे मी एक गोष्ट सांगायची राखून ठेवली होती आणि ती हिलाच सांगायची होती. झोपेतले हात, श्वास, ‘किनारा आला का’. वाक्येही जुळवून ठेवली होती. जो विक्रम मी पुसला म्हणून गाव हसले, तो पुसायला उरलेलाच नव्हता. होडीवाल्याने तो अर्ध्या वाटेत आधीच पुसला होता आणि मग माझ्याकडून त्याचे कापड मागून नेले होते.

“दिसलं होतं ना, माई?” तिने पुन्हा विचारले.

“या घरातलं मला काय दिसत नाही?” मी म्हणाले.

तिने कपाळ माझ्या गुडघ्यावर टेकवले, नेमके डबा लागला होता तिथे. थोड्या वेळाने उठली आणि डोळे पुसत धक्क्याकडे फिरायला गेली.

वैदेही चहा घेऊन बाहेर आली. तिचेही केस आता पांढरे झाले आहेत. तिने कप माझ्या हाताशी ठेवला आणि कृत्तिका फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबली.

“माई,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुमचा चष्मा खणात होता.”

मी चहाचा घोट घेतला.

“साखर पुरेशी आहे,” मी म्हणाले.